लालबागेत लेझिमीला जीव लावला

सोमवार, ६ जानेवारी १९५८. मुक्काम लालबाग.

हजर: मी. हे, म्हणजे माझे यजमान बाळकृष्ण. मिरजेत आमचा लेझिमी करायचा छोटा कारखाना आहे, तो हे चालवतात आणि यांना मी चालवते. मामंजी, वय बहात्तर, तालमीतले जुने वस्ताद. आमची एकही लेझीम त्यांच्या कानाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. वन्सं, यांच्या थोरल्या बहीण, ज्यांच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही उतरलो. वन्संच्या सासूबाई, ज्यांना सगळी चाळ आजी म्हणते. आणि लेझिमींची दोन बोचकी. वन्संचे यजमान दुसऱ्या पाळीला गेलेले होते, म्हणून गैरहजर.

गाडीच्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. परत आल्यापासून मिरजेतल्या मैत्रिणी विचारतात, राणीची बाग पाहिलीस का, चौपाटी पाहिलीस का. राणीची बाग राहिली. चौपाटी ट्राममधून मान वळवून जेवढी दिसली तेवढी पाहिली. आम्ही गेलो होतो कामाला, आणि काम असे होते.

गिरगावातले एक खेळसाहित्याचे दुकानदार वर्षानुवर्षे आमच्या लेझिमी घेत आले. दिवाळीला त्यांचा निरोप आला की उत्तरेकडून लेझिमी यायला लागल्या आहेत, तुमच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त, तो भाव जमत असेल तरच माल पाठवा. तो भाव जमायला एकच मार्ग होता: पितळी चकत्यांच्या जागी पत्र्याच्या घालायच्या. मामंजी म्हणाले, पत्रा घालायचा तर आधी मला जाळा. मग असे ठरले की एकदा मुंबईला जाऊन समोरासमोर बोलायचे. जमले तर ठीक. नाही तर संक्रांतीनंतर भट्टी विझवायची आणि यांनी साखर कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी धरायची. ती जागा यांना कबूल झालेली होती. यांना मोजून चकत्या देता येत नाहीत, तिथे साखर काय देणार, हा माझा घोर होता.

जाताना लेझिमी बांधायचे काम माझ्याकडे. लेझीम म्हणजे लाकडी दांडा, त्याला कमानीसारखी साखळी आणि साखळीत चकत्यांच्या जोड्या. ती नुसती उचलली तरी बोलते. म्हणून मी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून चकत्यांच्या मधून नागमोडी ओवल्या आणि टोकाला गाठ मारली. मिरजेपासून लालबागपर्यंत बोचक्यांतून चकार शब्द निघाला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्याला महत्त्व आले.

संध्याकाळी लालबागेत उतरलो ते शिंकत. शेजारच्याच गल्लीत मिरच्या कांडायच्या गिरण्या आहेत. वन्संनी सांगितले की तीन दिवसांत सवय होते. सहाव्या दिवशी आम्ही परत निघालो तेव्हाही शिंकतच होतो. जेवायला बांगड्याचे तिखले आणि भात. वन्सं लग्न होऊन मालवणी घरात आल्यापासून पुऱ्या मालवणी झाल्या आहेत. मामंजी मटणाला कधी नाही म्हणत नाहीत, पण माशाशी त्यांची ओळख नव्हती. माशाला काटे असतात ही बातमी त्यांना घशातून कळली. आजींनी त्यांना कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला आणि म्हणाल्या, "घाटावरचे लोक. मासो पण भाकरीसारखो खातत."

मंगळवार, गिरगाव

सकाळी नमुन्याच्या चार लेझिमी सोडवल्या. मी म्हटले होते, तिथे जाऊन सोडू. मामंजींना पटले नाही. दुकानदारासमोर गाठी सोडत बसणे म्हणजे गवयाने मैफलीत बसून दात घासण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून चार उघड्या लेझिमी घेऊन आम्ही ट्राममध्ये चढलो.

ट्राम सुरू झाली आणि पहिल्या हिसक्याबरोबर चारी लेझिमी एकदम बोलल्या. पुढच्या बाकावरचा एक टोपीवाला ताडकन उठला, मागे न पाहताच मूठ उंचावून ओरडला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," आणि अख्ख्या ट्रामने उत्तर दिले, "झालाच पाहिजे." पुन्हा हिसका, पुन्हा लेझीम, पुन्हा घोषणा. लोक समजले, मोर्चाच चढला आहे. एका बाईंनी माझ्या हाताला धरून विचारले, "कुठून निघाला हो? आणि बायकांनी कुठं चालायचं?" मी म्हटले, आम्ही गिरगावात माल दाखवायला निघालोय. त्या म्हणाल्या, "समजलं, समजलं," आणि डोळा मिचकावला.

पुढच्या थांब्यावर हवालदार चढला. त्याने यांना विचारले, "परवानगी आहे?"

हे म्हणाले, "ही व्यायामाची साधनं आहेत."

"मग व्यायाम करू नका," हवालदार म्हणाला. पण उतरताना त्याने मामंजींना हळूच विचारले की अशी लेझीम पोलीस लाइनीतल्या पथकाला मिळेल का. मामंजींनी त्याला पत्ता दिला.

गिरगावातली माणसे नकार फार सुंदर देतात. आमच्याकडे नको म्हणजे नको, आणि वर दोन शब्द ऐकून घ्यायचे. दुकानाचे मालक, त्यांना आम्ही अण्णासाहेब म्हणतो, काळी टोपी, स्वच्छ धोतर. त्यांनी आधी पाणी दिले, मग पियूष मागवले, मग मिरजेच्या हवेची चौकशी केली. मामंजींनी लेझीम वाजवून दाखवली. अण्णासाहेबांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. "वा. सूर आहे हो."

इतक्यात जिन्यावरून एक गडी खाली आला. "वकीलसाहेबांनी विचारलंय, आवाज बंद होईल का? अशील बसलेत."

"झालं, झालं, सांग," अण्णासाहेब म्हणाले, आणि मामंजींकडे वळले. "माल दाखवला की हा उतरतो. बॅट ठोकली तरी उतरतो. असो. आबासाहेब, तुमचा माल मी ओळखतो. पण गिऱ्हाईक कान घेऊन येत नाही. पिशवी घेऊन येतं. लेझिमी घेतात शाळा. शाळेत खरेदी करतो कारकून. कारकुनाला भाव तेवढा ऐकू येतो."

त्यांनी कपाटातून ती स्वस्त लेझीम काढून दिली. मामंजींनी एकदा हलवली आणि खाली ठेवली. "डब्यात खडे," एवढेच म्हणाले.

यांनी घसा साफ केला. यांचा घसा असा साफ झाला की मला कळते, हे आता कबूल होणार. "पत्र्याच्या चकत्या घातल्या तर आम्हीही..."

मामंजी उठून पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

अण्णासाहेबांना वाईट वाटले. म्हणाले, "घाई नाही. शुक्रवारी या. त्या भावात जमत असेल तर हो म्हणा. नाही तर शनिवारी मी तिकडच्या मालासाठी तार करतो. राग मानू नका."

राग मानता येत नव्हता, हीच अडचण. पियूष उत्तम होते. मिरजेला गेल्यावर करून पाहिले, जायफळ जास्त झाले.

परतताना लेझिमी मी पदरात गुंडाळून धरल्या. ट्राममध्ये तो सकाळचा टोपीवाला पुन्हा भेटला आणि आज संध्याकाळचा मोर्चा रद्द झाला का, म्हणून हळहळला.

बुधवार, लालबाग

वन्संना सगळे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बाळ्या, दुकानदाराच्या दारात कशाला जातोस? वाजवणारे इथं आहेत. कांबळ्यांना बोलावते."

सखाराम कांबळे परळच्या चाळीत राहतात, मिलमध्ये फिटर आहेत, आणि लालबाग-परळच्या लेझीम पथकाचे प्रमुख आहेत. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेपुढे, प्रभातफेरीपुढे हे पथक चालते. त्यांची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी मोकळे. आल्या आल्या मामंजींना "जय भीम, आबा," म्हणाले. मामंजींनी "राम राम" म्हटले, मग जरा थांबून "जय भीम" म्हटले, आणि दोघे बोचकी घेऊन, बोलत मधल्या चौकात उतरले. मामंजींनी धोतराचा काचा मारला. मी, हे आणि वन्सं वरून कठड्यावर वाकलो.

आता चूक कशी झाली ते सांगते, कारण ती फक्त मिरजकरच करू शकतात. मिरजेत घरोघर तंबोरे आणि सतारी. आमच्या गल्लीत सकाळी तार जुळवायचा आवाज आला नाही तर लोक विचारतात, कुणी आजारी आहे का. चांगला आवाजही कुणाला नको असेल, ही शंकाच आमच्या मनात कधी आली नाही. आम्ही मुंबईला आवाज विकायला गेलो होतो.

मामंजींनी पहिला ठोका दिला. चारी बाजूंनी चाळ, मध्ये चौक. तो ठोका खालून वर गेला आणि वरून खाली आला. मामंजी रंगात आले. सहाव्या की सातव्या ठोक्याला पहिले दार उघडले. मग दुसरे. मग तिन्ही मजल्यांवर दारे उघडायला लागली आणि प्रत्येक दारात एकेक लाल डोळ्यांचा माणूस पंचा सावरत उभा राहिला.

वन्सं पुटपुटल्या, "मेले. रात्रपाळी उठली."

समोरच्या खोलीतले परब सगळ्यांत आधी खाली आले. साचाखात्यात मागावर काम करतात. उंच, हाडकुळे, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावे लागते. वन्संनी मला नंतर सांगितले, मागावरची माणसे ओठांवरून बोलणे ओळखतात, आवाजाचा उपयोगच नसतो तिथे.

"कोणाचा लगीन आसा?" त्यांनी विचारले.

"लगीन नाही. लेझीम," मामंजी म्हणाले.

"रात्रभर साच्यार उभो रवलंय ओ. आत्ता खंय डोळो लागलो हुतो."

मामंजींना खरोखरच नवल वाटले. "काय सांगता? रात्रभर त्या मागांच्या खडखडाटात असता, आणि एका लेझिमीनं जाग येते?"

परबांनी विचार केला. माणूस अर्धवट झोपेतही न्यायाने वागणारा. "साच्याक सूर नाय, आजोबा. साचो नुसतो ओरडता. ह्याका सूर आसा. सूर इलो की माणूस ऐकूक लागता. ऐकूक लागलो की झोप गेली."

मामंजींचा चेहरा उजळला. वर पाहून मला नाही, यांना ओरडून म्हणाले, "ऐकलंस का रे? सूर ऐकू येतो म्हणतायत." आणि त्यांनी परबांचा हात हातात घेतला.

"आजोबा," परब म्हणाले, "माका झोप व्हयी. सूर नको."

परब वर गेले. दारे एकेक करून लागली. कांबळे कपाळावर हात मारून हसत होते. "हीच आमची गोची, आबा. तुमचा माल एक नंबर. आमच्या पथकाकडं त्या पत्र्याच्या आहेत, खाटेखाली पडून. का पडून? वाजवायच्या कधी? सकाळी रात्रपाळी झोपलेली. दुपारी पहिली पाळी येऊन आडवी. रात्री सगळेच. गिरणगावात चोवीस तास कुणीतरी झोपलेलं असतं. मैदानावर जावं तर तिथं सभा. सराव नाही, मग फेरीच्या दिवशी आमचे गडी डालग्यातून सुटलेल्या कोंबड्यांसारखे. मी तुमची महाग घेऊन काय करू? खाटेखाली ठेवायला स्वस्त बरी."

मी वरून मनातल्या मनात भट्टी विझवली.

कांबळे निघाले, पण गेले नाहीत. मामंजींना म्हणाले, "आबा, एवढे आलात तर नुसती पावलं दाखवा. 'आठ आवाज' हा प्रकार आमच्यात कुणाला धड येत नाही. आवाज न करता."

मामंजी म्हणाले, आवाज न करता 'आठ आवाज' म्हणजे पाण्याशिवाय अंघोळ. पण शिकवायचा मोह त्यांना आवरत नाही. त्यांनी हातातली लेझीम ठेवली आणि दुसऱ्या बोचक्यातून एक ओढली. ती माझ्या लुगड्याच्या पट्टीने अजून बांधलेली होती.

आणि बहात्तर वर्षांचा माणूस त्या चौकात पूर्ण ताकदीने 'आठ आवाज' खेळला. पुढे, मागे, खाली वाकून, डोक्यावर नेऊन. साखळी ताणली जायची, चकत्या एकमेकींवर यायच्या, आणि ऐकू यायचा फक्त मामंजींचा श्वास आणि त्यांची पावले. कांबळ्यांनी हसू आवरले. मग त्यांचे हसू आपोआप गेले.

तेवढ्यात माझ्या शेजारी आजी येऊन उभ्या राहिल्या. खाली बराच वेळ पाहिले. लेझीम जोरात चालली आहे हे त्यांना दिसत होते. मग वन्संना आत ओढून म्हणाल्या, "गो, जरा तेल गरम कर. माझे कान गेले."

खाली कांबळे विचारत होते, "आबा, ही मुकी कितीला?"

गुरुवार, चिंचपोकळी, आणि त्याआधी घरात

मामंजी सकाळी बोलले. "मुकी? तीन पिढ्या आम्ही चकत्या ठोकून सुरात आणल्या, त्या चिंध्या कोंबून विकायला? उद्या तंबोऱ्याला कापूस लावून विका."

सासऱ्यांशी वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. मी वाद यांच्याशी घालते, मामंजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी यांना म्हटले, "अहो, तंबोऱ्याच्या तारेखाली आपल्याकडे दोरा सरकवतात, त्याला काय म्हणतात?"

"जीव," हे म्हणाले. मिरजेत पोरासोरांनाही माहीत असते.

"दोरा नसेल तर तार बोलते का?"

हे भिंतीकडे बघत म्हणाले, "बोलते, पण भुंडी."

पलीकडून मामंजी कुणालाच उद्देशून नाही असे म्हणाले, "त्या दोऱ्यानं सूर उघडतो. चिंधीनं बंद होतो. काय बरोबरी लावलीय."

मी यांना म्हटले, "दोरा जागेवर असला तर उघडतो. सरकला तर बंदही होतो. म्हणून तर तो हलता ठेवतात. बांधून टाकत नाहीत."

 मग मामंजी आले आणि त्यांनी यांच्यासमोर लेझीम धरली. "गाठ नको. गाठ मारली की संपलं. पट्टी इकडून तिकडे सरकली पाहिजे. एका हाताने ओढली की बाहेर." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला सांग, लुगडं एका दिवसात फाटलंय."

ते खरे होते. एका 'आठ आवाजा'त चकत्यांनी माझ्या पट्टीच्या दशा-दशा केल्या होत्या. चामडे हवे होते. परब कामावरून येऊन दात घासत होते, त्यांना आमचे बोलणे कठड्यावरून दिसले असावे, कारण त्यांनी चूळ भरून सांगितले की मिलमधले झिजलेले पट्टे चिंचपोकळीला भंगारात मिळतात. त्या चामड्यावर इंजिन चालते, तुमची लेझीम काय चीज आहे.

चिंचपोकळीला रुळांच्या कडेला लहान लहान कारखाने आहेत. गाडी गेली की सगळा व्यवहार थांबतो आणि ती गेल्यावर ज्या शब्दावर थांबला होता त्याच शब्दापासून सुरू होतो. पट्टे कापणाऱ्याने विचारले, "कशाला पाहिजे?"

हे म्हणाले, "लेझिमीचं तोंड बंद करायला."

"मग एक आमच्या घरी पण," तो म्हणाला, आणि गाडी आली. गाडी गेल्यावर मागे बसून शिवण घालणारी त्याची बायको म्हणाली, "घ्या माप. तुमच्या तोंडाचं मी सांगते." त्यानंतर त्याने अगदी गप्प राहून सुबक काम केले. पट्टीला एका टोकाला बोटभर कडी, ओढायला. मामंजींनी दहादा आत-बाहेर करून पाहिली. नावाचा प्रश्न निघालाच नाही. परत येताना मामंजी सहज म्हणाले, "जीव जरा रुंद हवा," आणि तेव्हापासून ते नाव आहे.

त्या रात्री कांबळ्यांचा निरोप आला: शुक्रवारी सकाळी गडी आणतो.

शुक्रवार, लालबाग आणि पुन्हा गिरगाव

चौकात पथक उभे राहिले. पहिल्याच फेरीत कळले की लेझीम मुकी झाली तरी पाय मुके होत नाहीत. परबांचे दार उघडले. "आता पाय," ते म्हणाले, आणि दार लागले. वन्संनी मसाल्याच्या गिरणीतून गोणपाटे आणली, गडी अनवाणी झाले, गोणपाटांवर उभे राहिले आणि नाचायला लागले. गोणपाटांतून मिरची उडाली. गडी शिंकायला लागले, तोंड दाबून, ठेक्यात. परबांचे दार पुन्हा उघडले नाही.

मामंजी हातवारे करून शिकवत होते, आणि मागावरच्या गड्यांना ते बोलण्यापेक्षा लवकर समजत होते. शिवाय आवाज नसल्याने कोण चुकतो ते लपत नव्हते. कांबळे म्हणाले, "आत्तापर्यंत गोंगाटात सगळेच वस्ताद होते."

गिरगावला जाताना लेझिमीत जीव होता. ट्राम हिसकत होती आणि मी सुखाने खिडकीबाहेर बघत होते. चौपाटी दिसली ती तेव्हाच.

अण्णासाहेबांनी पाणी दिले. पियूष मागवण्याआधीच यांनी लेझीम त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी हलवली. पुन्हा हलवली. चष्मा काढला. "बाळकृष्णपंत, ही बिघडली की हो."

"जोरात हलवा," मामंजी म्हणाले.

अण्णासाहेब उठले, धोतर सावरले आणि दुकानात कोणी नाही असे पाहून चार पावले खेळले. मग थांबून जिन्याकडे पाहत राहिले. जिन्यावर कोणीही नव्हते.

"आता कडी ओढा."

त्यांनी कडी ओढली, पट्टी सुळकन बाहेर आली, आणि एकच ठोका दिला. तो अजून दुकानात घुमत होता तेव्हाच गडी खाली उतरला. "वकीलसाहेबांनी विचारलंय..."

"झालं, झालं," अण्णासाहेब म्हणाले, आणि पट्टी परत सरकवली. मग त्यांनी हे तीनदा केले. गडी तीनदा उतरला. तिसऱ्यांदा तो जिन्यातच बसून राहिला.

"भाव?" अण्णासाहेबांनी शेवटी विचारले.

इथे यांचा घसा साफ होऊ लागला. मी यांच्या पाठीमागे फक्त उभी राहिले.

"जुनाच," हे म्हणाले. "जीवाचे वेगळे."

"आणि उद्या उत्तरेवाल्यांनी पट्टा लावला तर? महिन्यात लावतील ते."

उत्तर मामंजींना सुचले. "लावू देत. पट्टा काढल्यावर वाजणार काय? पत्रा. महिनाभर मुका सराव केलेला गडी पहिला ठोका ऐकायला आसुसलेला असतो, अण्णासाहेब. त्या दिवशी त्याला डब्यात खडे ऐकवून बघा. आणि तुमच्याकडून गेलेल्या प्रत्येक लेझिमीचा सूर मी दर वर्षी येऊन लावून देईन. उत्तरेवाला येतोय का?"

अण्णासाहेब हसले. सगळेच आमचे झाले असे नाही, ते लिहून ठेवते. शाळांसाठी ते तो स्वस्त माल घेणारच, आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण तालमी, पथके, चाळी आमच्या. दादरच्या एका मुलींच्या शाळेतल्या ड्रिलच्या बाई हेडबाईंच्या डोकेदुखीमुळे कित्येक दिवस लेझीम बंद करून बसल्या आहेत, त्यांचेही नाव त्यांनी आपणहून दिले. भट्टी चालू ठेवायला एवढे पुरते. हे बाहेर आल्यावर म्हणाले, "साखर कारखान्याला काय कळवायचं?" मामंजी म्हणाले, "कळव, गोड कमी खातो."

शनिवार, निघताना

कांबळ्यांच्या पथकाने एक सोडून नमुन्याच्या सगळ्या लेझिमी ठेवून घेतल्या, बोचकी रिकामी परत आणली. मी चाळीत तिळगूळ वाटला, संक्रांत दोन-तीन दिवसांवर होती. परबांना दिला आणि म्हटले, गोड बोला. ते म्हणाले, "बोलूक नको. कालपासून कोण बोलला नाय, तां गोड."

मग त्यांनी एक लेझीम मागितली. मामंजींनी विचारले, तुम्ही तर खेळत नाही.

"खेळाक नको. खुंटीक लावतलंय. जीव घालून." त्यांनी चौकाकडे पाहिले. गोणपाटे अजून तशीच पडली होती. "मुंबई महाराष्ट्राक गावली, की त्या दिवशी आजोबांनी येवचा. ह्या चौकात उभा रवान जीव काढूचो आणि वाजवूचा. माझी पाळी खंयची पण असांदे. त्या दिवशी कोण झोपलेलो दिसलो तर माका दाखवा."

मामंजी म्हणाले, "येईन." आणि मग, बहात्तर वर्षांचा माणूस बोलतो तसे नाही, गिऱ्हाइकाला तारीख देतो तसे म्हणाले, "पण लवकर मिळवा."

मिरजेत भट्टी चालू आहे. अण्णासाहेबांचा पहिला माल गेला. हवालदाराच्या पथकाचाही गेला. ड्रिलच्या बाईंना नमुना पाठवला, हेडबाईंनी तो हलवून पाहिला आणि बरे वाटले असे कळवले. वन्संना नवे लुगडे पाठवायचे होते ते पाठवले. फाटले होते माझे, पण गोणपाटे त्यांनी आणली. आजींच्या कानाला तेल पाठवले. मुंबईहून आल्यावर मी राहिलेल्या कामांची यादी केली होती, तिच्या सगळ्या ओळींवर खूण झाली, एक सोडून: लालबाग, परबांच्या लेझिमीचा जीव काढणे. रोज सकाळी वर्तमानपत्र येते. मामंजी ते आधी यांना वाचू देतात, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, माझ्याशी नाही, भिंतीशी बोलतात: "खूण झाली का, विचार तिला."

अजून झालेली नाही.